कुणाच्या हातची सफरचंदं

मारुतीराव पावशेंना सुनेशी बोलायचं झालं की ते भिंतीशी बोलत. "आज कुणी पाणी तापवणार हाय का न्हाय," असं ते न्हाणीघराच्या भिंतीला विचारत, आणि सून रचना एक अक्षर न बोलता गरम पाण्याची बादली आणून दारात आदळून जाई. दीड वर्ष बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या त्या घरात हे असंच चाललं होतं. मुलगा युवराज उद्यमबागेत एका कारखान्यात कामाला. तो सकाळी सातला बाहेर पडे आणि दिवस मावळता परत येई. घरात दोन माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत हे त्याला माहीत होतं, पण तो मधे पडत नसे. मधे पडला की दोघंही त्याच्यावर उलटत.

भांडणाचं मूळ एका ओव्हनमध्ये होतं. जुन्या पद्धतीचा गोल, ॲल्युमिनियमचा, वर काचेची खिडकी असलेला तो ओव्हन मारुतीरावांनी लष्कराच्या मेसमधून निवृत्त झाल्यावर घेतला होता. ते एकदा पुतणीच्या लग्नाला चार दिवस खानापूरला गेले आणि परत आले तर ओव्हनची जागा मोकळी. रचनानं तो भंगारवाल्याला देऊन टाकला होता. त्याची वायर उघडी पडली होती, तिला दोनदा शॉक बसला होता, आणि सासऱ्यांनी वर्षभरात त्याला हात लावला नव्हता, हे सगळं खरं होतं. पण विचारलं नव्हतं हेही खरं होतं. मारुतीराव त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण सुनेशी बोलणं बंद झालं ते झालंच. त्यांची बायको मनुबाई असती तर दोघांनाही चार शब्द सुनावून तिनं हे मिटवलं असतं. ती जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मारुतीराव बेळगावच्या कॅम्पातल्या, लष्करी अधिकाऱ्यांच्या एका मेसमध्ये आचारी होते. अठराव्या वर्षी भांडी घासायला लागले आणि साठाव्या वर्षी मुख्य आचारी म्हणून बाहेर पडले. या सगळ्या काळात त्यांना कुणी काही शिकवलं नाही, हे ते अभिमानानं सांगत आणि चिडूनही सांगत. त्या वेळचा मुख्य आचारी पास्कू नावाचा गोव्याकडचा माणूस. उंच, गोरटेला, तोंडात कायम शिवी. खास पदार्थ करायचा असला की तो सगळ्यांना बाहेर काढून आतून कडी घाली. त्यातला सगळ्यांत खास म्हणजे भरलेली सफरचंदं. सफरचंदाचा गाभा काढायचा, बुडाला भोक पडू द्यायचं नाही, पोकळीत रममध्ये भिजवलेल्या मनुका, अक्रोड, लोणी, साखर आणि दालचिनी भरायची आणि ओव्हनमध्ये भाजायची. साहेब लोकांच्या बायका त्यासाठी मेसमध्ये यायच्या. मारुतीला त्यातलं काय कळायचं, तर घासायला आलेल्या वाडग्याला चिकटलेलं सारण. ते बोटानं चाटून त्यानं एकेक जिन्नस ओळखला. त्यात चार वर्षं गेली. एकदा चाटताना पास्कूनं पाहिलं आणि डाव मनगटावर असा हाणला की त्याची गाठ अजून हाताला लागते.

मग पास्कूचे हात कापायला लागले. दारूनं की वयानं, कोण जाणे. चाकू धरवेना. कडी आतून लागायची तशीच लागायची, पण आता आत दोघं असायचे. गाभा मारुती काढायचा, सारण मारुती भरायचा, ओव्हनपाशी मारुती उभा राहायचा. पास्कू स्टुलावर बसून शिव्या द्यायचा. ताट बाहेर गेलं आणि कुणी साहेबानं बोलावलं की टोपी सारखी करून बाहेर जायचा तो पास्कू. अशी सहा-सात वर्षं गेली. मारुतीनं कधी तोंड उघडलं नाही.

त्यामुळे रचनानं जेव्हा वही-पेन घेऊन समोर बसून विचारलं होतं, तेव्हा मारुतीरावांना तो आगाऊपणा वाटला. ही ओव्हन जाण्याच्या आधीची गोष्ट. रचना निपाणीची, बी.कॉम. झालेली, कामाला झटपट. घरी बसून वाढदिवसाच्या, मुंजीच्या ऑर्डरी घ्यायला तिनं नुकतीच सुरुवात केली होती. "मामा, ती मेसमधली सफरचंदं मला सांगा की. मी लिहून घेते," ती म्हणाली. मारुतीराव म्हणाले, "मला कुणी लिहून दिलं न्हवतं." आणि उठून बाहेर गेले.

तिनं पुन्हा विचारलं नाही. ओव्हन भंगारात गेल्यावर महिनाभरानं तिनं इलेक्ट्रिक कुकर आणला. ओट्यावर बसवलेला, काळा, गोल, पुढे बटणं आणि आकडे. झाकण फिरवून लावायचं, आत रबराची रिंग, वर वाफ सोडायची चकती. मारुतीराव त्याला 'ते यंत्र' म्हणत. ते शिजवतं, पण माणसाला कळू देत नाही, असं त्यांचं म्हणणं. उघडून बघता येत नाही, वास येत नाही, मग आचारी काय करणार, त्याच्याकडं बघत बसणार?

त्या यंत्रात रचनानं सफरचंदं करायला घेतली. पहिल्या खेपेला आठ मिनिटं लावली आणि चकती सरकवून वाफ एकदम सोडली. झाकण काढलं तर सफरचंदं फुटून सालं लोंबत होती आणि खाली लापशी. मारुतीराव बाहेर कट्ट्यावर बसले होते. वाफेचा फुस्स आवाज आला तेव्हाच त्यांना कळलं की फुटली. त्यांना बरं वाटलं. दुसऱ्या खेपेला तिनं वेळ कमी केला, पण फळं मऊ जातीची, परत बसली. मारुतीरावांना परत बरं वाटलं. एक वाक्य सांगितलं असतं तर भागलं असतं, लहान आणि कडक फळ घे म्हणून. ते त्यांनी सांगितलं नाही. रात्री जेवताना भिंतीकडं बघून म्हणाले, "आमच्या गोठ्यात म्हशीला असलंच घालायचे."

युवराजनं ताटातून मान वर केली नाही. रचनानं त्यांच्या ताटात भात वाढला, जरा जास्तच वाढला, आणि आत गेली.

यानंतर कितीतरी दिवस ओट्यावर सफरचंदं दिसत राहिली. किती वेळा केली, काय बदललं, हे मारुतीरावांनी बघितलं नाही. बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी रचना युवराजला मोठ्यानं सांगत होती. उद्याची ऑर्डर कॅम्पातल्या कर्नल मोहित्यांची. साहेबांना ऐंशी पूर्ण होतायत, दुपारी जेवायला माणसं आहेत, चोवीस सफरचंदं हवीत. साडेअकराला त्यांची गाडी न्यायला येणार. ती हे ऐकवण्यासाठी मोठ्यानं बोलत होती की नुसतीच आनंदात होती, ते मारुतीरावांना ठरवता आलं नाही. मोहिते हे नाव मात्र त्यांना ओळखीचं होतं. ते मेजर असताना मेसमध्ये जेवायचे.

दुपारी ते डेअरीवर दुधाचे पैसे विचारायला गेले. तिथं मष्णू बसला होता. हा त्यांच्याच भावकीतला, गावातली प्रत्येक गोष्ट आधी त्याच्याकडं येणार. तो म्हणाला, "काय मारुतीराव, परत सुरू केलासा म्हणा की."

काय सुरू केलं ते त्यांना कळेना. मष्णूनं फोन पुढं केला. फोनवर त्यांचाच फोटो होता, निवृत्तीच्या दिवशीचा, पांढरी टोपी, गळ्यात हार. खाली काही लिहिलं होतं, चष्मा नव्हता म्हणून वाचता येईना. मष्णूनंच वाचून दाखवलं, तेही चारचौघांत. कॅम्पातल्या मेसचे आचारी मारुतीराव पावशे यांच्या हातची भरलेली सफरचंदं. आत बेळगावचा कुंदा आणि काजू. ऑर्डरसाठी संपर्क, रचना.

"कुंदा?" मारुतीराव म्हणाले.

"म्हंजे तुमास्नी ठाऊकच न्हाय व्हय," मष्णू म्हणाला, आणि बाकावरची माणसं हसली. त्यांत वाईट काही नव्हतं, गावात माणसं अशी हसतातच. पण मारुतीरावांना वाटलं, आपल्याला कुणीतरी भर रस्त्यात उघडं केलं. ज्या पदार्थासाठी आपण मनगट फोडून घेतलं तो आपल्या नावानं विकायचा, तोही रममधल्या मनुकांऐवजी दुधाचा गोड कुंदा भरून. आणि करणार कोण, तर यंत्र.

ते घरी आले तेव्हा रचना खडेबाजारला गेली होती. घरात कुणी नव्हतं. ओट्यावर कुकर धुऊन उपडा घातला होता, झाकण शेजारी. मारुतीरावांनी झाकण उचललं. आतल्या कडेची रबराची रिंग त्यांनी बोटानं ओढली तशी ती सहज हातात आली. ती खिशात घालून ते मागच्या दारानं बाहेर पडले, गावालगतच्या जेलच्या शेताच्या कडेनं ओढ्यापर्यंत गेले आणि रिंग पाण्यात फेकून दिली. ओढ्याला पाणी बेताचं होतं. रिंग जराशी तरंगली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. ते तसेच बसथांब्यावर गेले आणि कॅम्पाची बस धरली. मोहितेबाईंना भेटून सांगायचं होतं की हे माझं नाही, ही पोरगी तुम्हाला फसवतेय. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली. बाईसाहेब, मी मारुतीराव पावशे. तुम्ही मेसमध्ये जी सफरचंदं खाल्लीत ती माझ्या हातची. उद्या जी येणारायत ती माझ्या हातची न्हाईत. एवढं बोलायचं आणि परत फिरायचं.

बंगल्याच्या व्हरांड्यात त्यांना थांबायला सांगितलं. आत माणसं सामान हलवत होती, लॉनवर खुर्च्या मांडणं चाललं होतं. बऱ्याच वेळानं बाई आल्या. पंचाहत्तरीच्या, काठी टेकत, पण आवाज खणखणीत. मारुतीरावांनी हात जोडले आणि आपलं नाव, मेसचं नाव सांगितलं.

बाईंनी चष्म्यातून त्यांच्याकडं नीट पाहिलं. आठवायचा मनापासून प्रयत्न केला, हे मारुतीरावांना दिसलं. मग त्या म्हणाल्या, "मेसमध्ये तर पास्कू होता ना? तुम्ही त्याच्या हाताखाली होतात का?"

"व्हय," मारुतीराव म्हणाले.

"त्याची ती भाजलेली सफरचंदं! तशी पुन्हा कुठंच खाल्ली नाहीत आम्ही. आमची पोस्टिंग चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीला होती. हे अजून पास्कूची आठवण काढतात."

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीला पास्कूला चमचा धरता येत नव्हता. हे सांगायला मारुतीरावांनी तोंड उघडलं. पण सांगणार कसं? चाळीस वर्षांपूर्वी कडी लावलेल्या खोलीत कुणाचा हात चालत होता, याला साक्षीदार एकच होता आणि तो कधीच मेला होता. त्यांनी तोंड मिटलं. मग आणलेली वाक्यं आठवली आणि विचारलं, की उद्याची ऑर्डर बाईंनी नाव बघून दिली का, फोटो बघून.

"कसला फोटो? मला फोनमधलं ते काही दिसत नाही. माझ्या कामाच्या बाईनं सांगितलं, हिंडलग्याची एक मुलगी करते. तिनं बुधवारी दोन चवीला पाठवली. आत कुंदा होता. मी म्हटलं, हे काय भलतंच, पण खाऊन बघितलं आणि लगेच चोवीस सांगितली. का हो, तुमच्या ओळखीची आहे का?"

"माझी सून हाय."

"अरे वा. काही निरोप आहे का तिचा?"

"न्हाय," मारुतीराव म्हणाले. "साहेबांना वाढदिवसाचा नमस्कार सांगायला आलतो." आणि ते फाटकाबाहेर पडले.

परतीच्या बसमध्ये जागा होती, तरी ते दांडा धरून उभेच राहिले. बाईंना ते आठवले नाहीत यात बाईंची चूक नव्हती. पास्कूनं त्यांना बाहेर येऊ दिलं नव्हतं आणि ते स्वतःहून आले नव्हते. पण त्यांना जास्त टोचत होतं ते दुसरंच. पोरीनं त्यांचं नाव लावलं होतं खरं, पण त्या नावानं काहीच विकलं गेलं नव्हतं. विकलं होतं ते तिनं केलेलं. तिच्या कामावर त्यांचं नाव होतं, जसं त्यांच्या कामावर पास्कूचं. आणि तिनं ते नाव स्वतःच लावून घेतलं होतं, म्हणजे ती त्यांच्याहूनही वेडी होती.

बसमधून उतरून ते घरी न जाता ओढ्यावर गेले. धोतर वर खोचून पाण्यात उतरले, काठीनं गवत चाळवलं, वळणापर्यंत जाऊन आले. प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या, एक चप्पल निघाली. रिंग मिळाली नाही. अंधारून आलं तसे ते परत फिरले.

घरी रचना सफरचंदं पुसून टोपलीत लावत होती. लहान, कडक, हिरवट लाल फळं. तीस होती. सहा जास्तीची. मारुतीरावांनी ती पाहिली आणि त्यांना कळलं की कुठलं फळ घ्यायचं ते तिनं तिचं शोधून काढलंय. रिंगचं सांगायची वेळ तीच होती. तेव्हा सांगितलं असतं तर तिला रात्रीत काही सोय करता आली असती. पण दीड वर्ष भिंतीकडं बघून बोललेल्या माणसाला मान वळवता येईना. ते जेवले, हात धुतले आणि पांघरूण घेऊन पडले. ओढ्यात रिंग टाकली त्यापेक्षा हे वाईट होतं. हे त्यांना तेव्हाही कळत होतं.

रविवारी सकाळी आठला रचनानं पहिली सहा सफरचंदं कुकरमध्ये ठेवली. कडेला कपभर पाणी, वर झाकण. युवराजची त्या दिवशी जादा पाळी होती, तो निघून गेला होता. मारुतीराव कट्ट्यावर. पाच मिनिटं गेली, दहा गेली. झाकणाच्या सगळ्या बाजूंनी वाफ यायला लागली. मग यंत्र ओरडायला लागलं आणि करपल्याचा वास आला.

रचनानं झाकण काढलं. बोट फिरवलं. ओट्याखाली बघितलं, भांड्यांच्या टोपलीत, मोरीत, कपाटात. दुकानदाराला फोन लावला. तो झोपेतच होता. कानडीत म्हणाला, रिंग वेगळी मागवावी लागते, चार दिवस तरी लागतील. तिनं फोन ठेवला. मग बाहेर आली आणि मारुतीरावांच्या समोर उभी राहिली, ते भिंतीकडं बघू शकणार नाहीत अशी.

"मामा, रिंग कुठाय?"

"वड्यात टाकली," मारुतीराव म्हणाले.

"कधी?"

"काल. दुपारी."

तिनं आवाज चढवला नाही. "ओव्हन मी विकला, व्हय. विचाराय पायजे होतं, न्हाय विचारलं. तुमचं नाव लावलं तेबी चुकलं, मला वाटलं मेसचं नाव बघून लोक घेतील. दोन्ही माझ्या चुका. त्यासाठी मला मारलं असतं तरी चाललं असतं. पण तुमी माझ्या कामात हात घातला. काल दुपारपासनं ठाऊक असून तुमी रातभर झोपला."

"झोपलो न्हाय."

"मग तर लईच वाईट," ती म्हणाली.

मारुतीराव उठले. एका दमात म्हणाले, की मोठं पातेलं घेऊ, झाकणाला कणीक लावून वाफ कोंडू, मी उभा राहतो, साडेअकराच्या आत चोवीस होतात. ती दारात आडवी झाली.

"तुमी स्वैपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं न्हाय. आज न्हाय आणि परत कधी न्हाय."

मग तिनं शेजारच्या अंबुबाईंना हाक मारली. अंबुबाईंकडं गणपतीला सगळ्या भावकीच्या इडल्या होतील एवढं पात्र होतं. ते आलं, गॅसवर चढलं. रचनानं ताटल्या काढून टाकल्या, खाली जाळी ठेवली, सफरचंदांच्या सालीची वरून एक गोल पट्टी काढली, सुईनं बारीक टोचे मारले आणि बारा सफरचंदं एकदम आत लावली. झाकणावर ओलं फडकं गुंडाळलं. मारुतीराव कट्ट्यावरून ऐकत होते. त्यांना आता बाहेरच बसायचं होतं, पण नाक बंद करता येत नाही. आधी नुसता पाण्याचा वास आला, मग फळाचा. कुंदा गरम झाल्याचा दुधाळ, खरपूस वास आला तसे ते सरळ बसले. अजून थोडं. अजून थोडं. मग वासात एक आंबूस धार आली. साल सैल पडायला लागली की ती येते. त्यानंतर एक मिनिटही थांबायचं नसतं. ओव्हन असो की काही असो. मारुतीराव ताडकन उठले आणि "उतरव" असं ओरडणार तोच आत गॅस बंद झाल्याचा खटका वाजला आणि झाकण काढल्याची वाफ दारातून बाहेर आली.

ते दारापर्यंत गेले होते, तिथंच थांबले. रचना पाठमोरी होती. सफरचंदं पात्रात ताठ बसली होती, एकही फुटलं नव्हतं. तिच्या यंत्रात तर वास येत नाही, मग हिला तो कुठं कळला, असं त्यांना वाटलं. किती खेपा तिनं झाकण काढून नाक खाली नेलं असेल, किती फेकून दिली असतील. ते परत येऊन कट्ट्यावर बसले. सव्वाअकराला चोवीस सफरचंदं कागदाच्या द्रोणांत बसली होती. साडेअकराला गाडी आली.

संध्याकाळी युवराज आल्यावर रचनानं त्याला सगळं सांगितलं, मारुतीरावांच्या समोर, काही न वाढवता. युवराजनं आयुष्यात पहिल्यांदा बापाकडं रोखून पाहिलं. "खरं हाय, आप्पा?" त्यानं विचारलं. मारुतीराव व्हय म्हणाले. सोमवारी युवराजनं येताना कुलूप आणलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला कडी-कोयंडा बसवला. किल्ली रचनाकडं. बेचाळीस वर्षं चुलीपाशी काढलेल्या माणसाला आता चहा हवा असला तर मागावा लागे. रचना वेळेवर देई. सकाळी चहा, दुपारी जेवण, रात्री जेवण, ताट कट्ट्यावर ठेवायची आणि निघून जायची. जेवणात कधी मीठ कमी पडलं नाही की भाजी शिळी आली नाही. मारुतीरावांना वाटे, एकदा तरी पडावं म्हणजे भांडता येईल. तशी संधी तिनं दिली नाही. फोनवरचा त्यांचा फोटो तिनं त्याच दिवशी काढला. तिथं आता नुसतं 'रचना, हिंडलगा' असं होतं, आणि यंत्राला नवी रिंग आली होती.

मार्चमध्ये एका सकाळी मोहितेबाई स्वतः गाडीतून आल्या. नातीचं लग्न ठरलं होतं, त्याचं सांगायला. रचना आतून पदर सावरत येईपर्यंत त्यांना कट्ट्यावरचे मारुतीराव दिसले, आणि या वेळी आठवलेही.

"तुम्ही आला होतात ना डिसेंबरात? आता कळलं. पास्कूकडून तुम्ही शिकलात आणि तुमच्याकडून ही शिकली. म्हणूनच म्हटलं, हाताला अशी चव येते कुठून."

रचना दारात उभी होती. बाई सगळ्यांना बरं वाटेल असंच बोलल्या होत्या, आणि नुसती मान हलवली असती तर तिथंच संपलं असतं. मारुतीराव उठून उभे राहिले.

"न्हाय बाईसाहेब. मी हिला काय शिकवलं न्हाय. विचाराय आलती, तरी सांगितलं न्हाय. हे तिचं ती शिकली. त्या दिवशी तुमची ऑर्डर मोडावी म्हणून मी तिच्या कुकरची रिंग वड्यात टाकली होती. तरी तिनं तुमची चोवीस पोचवली."

बाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, रचनाकडं पाहिलं, मग लग्नाची तारीख आणि माणसं किती हे घाईघाईनं सांगितलं आणि गाडीत बसल्या. पास्कूच्या काळात हात कुणाचा चालत होता, ते मारुतीरावांनी त्या दिवशीही सांगितलं नाही. ते सांगून आता काही मिळणार नव्हतं.

गाडी वळल्यावर रचना म्हणाली, "रिंगचं सांगायची काय गरज होती? बाहेरच्या माणसाला?"

"होती," मारुतीराव म्हणाले.

"घरातलं घरात ऱ्हायलं असतं."

"ऱ्हायलं असतं. म्हणून सांगितलं."

मग ती म्हणाली, लग्नाच्या ऑर्डरीत शंभरावर सफरचंदं आहेत, गाभे काढायला अंबुबाई आणि त्यांची सून येणार आहेत, त्या दिवशी कट्टा मोकळा लागेल, तेव्हा तुम्ही सकाळी देवळात जाऊन बसा. मारुतीराव बरं म्हणाले. ती आत गेली आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.